यादीतून एक नाव काढताना

त्या टीम लीडवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी एचएसआर लेआउटमधल्या एका कॉल सेंटरला लागले. येलहंक्याहून बस बदलत तिथं पोचायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि लहान मुलांच्या ऑपरेशनसाठी देणग्या मागायच्या. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचे, पण घरात मराठी, म्हणून महाराष्ट्रातले नंबर माझ्या गळ्यात पडले. टीम लीड पुण्याहून आलेला. त्यानं पहिल्याच दिवशी शिकवलं, "मॅडम म्हटलंस की बायका फोन ठेवतात. काकू म्हण. मग कट करायला त्यांना जड जातं." आमच्या घरी काकूला चिक्कम्मा म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला काकू म्हटलं ते पैसे काढायला.

दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याचा एक नंबर लागला. यादीत नाव पुरुषाचं, बरीच वर्षं देणगी देणाऱ्याचं. फोन त्यांच्या बायकोनं उचलला.

"अगं, ते गेले. तुमच्याकडच्या प्रत्येक मुलीला मी हेच सांगतेय. तरी चार दिवस झाले की कुणीतरी विचारतंच, साहेब आहेत का? मला आता सांगवत नाही गं."

"काकू, आता नाही येणार फोन," मी म्हटलं. "मी बघते."

प्रत्येक फोननंतर स्क्रीनवर एक कारण निवडावं लागे. उचलला नाही, नंतर करा, नकार, चुकीचा नंबर. माणूस वारला, हे कारणच तिथं नव्हतं. देणगी मागणाऱ्यांच्या हिशेबी माणसं मरतच नसावीत! 'नंतर करा' निवडलं की चार दिवसांनी नंबर परत हजर. 'नकार' निवडला तर आठवड्यानं. कायमचा जाई तो फक्त चुकीचा नंबर. मी तेच दाबलं, आणि त्या खुर्चीत पहिल्यांदाच मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी टीम लीड माझ्या डोक्यावर येऊन उभा राहिला. त्यानं रेकॉर्डिंग ऐकलं होतं.

"नंबर बरोबर आहे. जुना डोनर आहे. खोटं का मार्क केलंस?"

"सर, त्यांचा नवरा वारलाय."

"मग सोपंच आहे की. त्यांच्या स्मरणार्थ माग. आत्ता, माझ्यासमोर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी बसणारी आनेकलची मुलगी कन्नडमध्ये कुजबुजली, लाइन लागत नाही म्हणून सांग. तेवढंही मला जमलं नाही. अनुभवाच्या सर्टिफिकेटवर त्याची सही हवी होती, बाकी काही नाही. त्या एका कागदासाठी मी नंबर फिरवला. त्याच्याइतकाच राग मला माझाही येतो तो इथं.

"काकू, मी कालचीच."

"ओळखला गं आवाज. काढलंस का बाळा त्यांचं नाव?"

टीम लीडनं स्क्रीनवरच्या ओळीवर बोट ठेवलं. मी ती वाचली: काकांच्या आठवणीत एखाद्या लेकराच्या ऑपरेशनला मदत कराल का?

मग त्यांनी विचारलं, "पैसे दिले तर फोन बंद होतील का?"

टीम लीड जोरजोरात मान हलवून 'हो म्हण, हो म्हण' असं खुणावत होता. देणाऱ्यांची यादी वेगळी असते आणि सगळ्यात जास्त फोन त्याच यादीला जातात, हे मला माहीत होतं.

"हो काकू," मी म्हटलं, "बंद होतील."

पैसे संध्याकाळपर्यंत आले. फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी माझे आभार मानले होते.