रविवारची साक्ष

कांद्याच्या ओल्या पातीचा वास आला की नेवाशाजवळचं ते पत्र्याचं चर्च आठवतं. पुण्याहून नागपूरला सायकलने निघालो होतो आणि रविवार आला म्हणून तिथे थांबलो होतो. उपासनेत पाळकांनी रीतीप्रमाणे पाहुण्याला साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या श्रद्धेबद्दल चार शब्द सांगायला, उभं केलं. मीही छाती फुगवून सांगितलं, की काहीही होवो, प्रभूच्या दिवशी मी पायडलला पाय लावत नाही; विसावा पाळायलाही श्रद्धा लागते. सगळे ‘आमेन’ म्हणाले. तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला, तशी पुढच्या चटईवरच्या म्हातारीने विळा उचलला आणि तिच्यामागे निम्म्या बायका उठल्या. “मावशी, आज रविवारी?” मी विचारलं. “कांदा काढायला चाललो, बाबा. आज न्हाई गेलं तर मुकादम उद्या बोलवत न्हाई. तुमी आमच्या वाटचाबी इसावा घ्या.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हीच पंचाईत. दिवसभर मी पाळकांच्या ओट्यावर पाय पसरून पडलो होतो. आजही रविवारी मी सायकल काढत नाही, पण साक्ष द्यायला पुन्हा कधी उभा राहिलो नाही. त्या सकाळी सगळ्यांत मोठ्याने ‘आमेन’ तीच म्हणाली होती.