मनगटातला तुकडा

ताई सत्तावीस वर्षं एकाच खोलीत, एकाच यंत्रापुढे बसत आली होती. ऑपरेशनमध्ये काढलेले माणसांचे तुकडे मेणात बसवायचे, त्या मेणाच्या ठोकळ्याचे केसाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचेवर घ्यायचे आणि रंगवून डॉक्टरीणबाईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली द्यायचे, हे तिचं काम. थोरला भाऊ शिंपी. "आपण दोघंही कापणारेच," तो म्हणायचा, "फरक एवढाच, माझं गिऱ्हाईक मापाला ताठ उभं राहतं, तुझं बिचारं बरणीतून येतं."

त्या वर्षी दादाचे पाय सुजायला लागले. चार पायऱ्या चढला की धाप लागायची. डोळ्यांभोवती जांभळट डाग उठायचे, जीभ जड वाटायची. वयावर ढकलून त्यानं सहा महिने काढले. शेवटी ताईनंच हाताला धरून त्याला आपल्या दवाखान्यात आणलं. किडनीतून सुईनं दोऱ्याएवढा तुकडा काढला गेला आणि तो खालच्या मजल्यावर ताईच्याच टेबलावर आला.

"हा तू कापू नकोस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला देते."

"माझ्याइतका हात कुणाचा बसलाय इथे?"

नेहमीच्या रंगात किडनीच्या गाळण्या गुळगुळीत, फिकट गुलाबी दिसल्या. पेशी बाजूला सारून कुणी काहीतरी ओतून ठेवावं तशा. सांगायच्या आधीच ताईनं कपाटातून खास लाल रंगाची बाटली काढली. रंगवलेली काच ठेवून डॉक्टरीणबाईंनी उजेड बदलला, तसे लाल पट्टे कच्च्या सफरचंदासारखे हिरवे चमकले. अमायलॉइड. शरीरानंच बिघडवून ठेवलेलं प्रथिन, अवयवाअवयवात साचत जाणारं.

"हृदयातही असेल?" ताईनं विचारलं.

"धाप लागते म्हणालीस ना," एवढंच त्या बोलल्या.

तेव्हा ताईला आठवलं. दोन वर्षांपूर्वी दादाच्या दोन्ही हातांची बोटं सुन्न पडायची. कात्री धरून धरून झालं, असं सगळेच म्हणाले, तोही. मनगटाचं ऑपरेशन झालं, तिथला तुकडा याच खोलीत आला. तिनं कापला, साध्या रंगात रंगवला, 'विशेष काही नाही' असा रिपोर्ट गेला. जुने ठोकळे ठेवलेला खण उपसून तिनं तो शोधला, नवा काप काढला, लाल रंगात घातला. तोही हिरवा चमकला.

डॉक्टरीणबाईंनी काच पाहिली आणि दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट काढला. "सही माझी आहे," त्या म्हणाल्या.

"तेव्हा कळलं असतं तर?"

"औषध लागू पडलं असतं. बहुतेक." मग म्हणाल्या, "त्यांना सांगायला हवं."

"मी सांगते."

वॉर्डात वहिनी उशाशी मोसंबी सोलत बसली होती. दादानं बहिणीचा चेहरा पाहिला. "चिमे, आडपडदा नको. काय दिसलं काचेवर?"

तिनं सांगितलं. किडनीचं सांगितलं, हृदयाचंही. तो आपल्या बोटांकडे बघत म्हणाला, "मनगट कापलं तेव्हा कळलं नसतं का गं हे?"

ती सांगायलाच आली होती. तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर पडलं. "तेव्हा काहीच नव्हतं रे, दादा."

"मग ठीक," तो म्हणाला आणि उशीवर टेकला. "उगाच हळहळ नको."

औषध सुरू झालं, पण हृदयाला ते झेपेना. सातव्या आठवड्यात, दुपारचा चहा यायच्या सुमारास दादा गेला.

तेराव्या दिवशीही न रडलेली वहिनी महिन्यानं ताईच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिथे तिचा बांध फुटला. ताईचे हात हातात घेऊन ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही होतात म्हणून निदान आजार तरी वेळेत कळला."

ताईनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. खरं सांगितलं तर दादानं नको म्हटलेली हळहळ वहिनीच्या वाटणीला येणार होती, नाही सांगितलं तर ते आभार आयुष्यभर अंगावर वागवावे लागणार होते. मनगटातल्या तुकड्याचं ताईनं सांगितलं नाही. वहिनी डोळे पुसून गेली, आणि ताई सकाळचा अर्धा राहिलेला ठोकळा पुन्हा यंत्रात बसवू लागली.