दोन हातांची तलवार

वहिनी मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि त्यात तिचा काहीच दोष नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. ह्यांच्या कॉलेजातल्या मित्राची ती बायको. अमेरिकेत काही वर्षं काढून दोघं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नाशकात परतले, कॉलेज रोडला घर केलं आणि आमचा प्रत्येक रविवार त्यांच्याकडे जायला लागला. ती मान मागे टाकून हसायची. मला तसं हसता येत नाही. आणि आमचे हे, घरी वर्तमानपत्राआडून हुंकार देणारे, तिच्यासमोर एकामागून एक विनोद करायचे. कुठे साठवून ठेवले होते कोण जाणे.

मित्राने तिकडून एक खेळ आणला होता. त्याला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. मित्र गोष्ट सांगायचा की तुम्ही जंगलात आहात, समोर पडका किल्ला आहे, आत राक्षस आहे. आपण एकेक सोंग घ्यायचं आणि आपली पाळी आली की काय करतो ते सांगायचं. घाव लागला की हुकला हे फासे ठरवायचे. कोण कुठे उभं आहे ते कळावं म्हणून टीपॉयवर शर्टाची बटणं मांडायची. हे झाले योद्धा. वहिनी झाली पुजारीण, जखमा बऱ्या करणारी. मी हो-नाही करत बसले तोवर धनुर्धारी तेवढा उरला होता, तो मला मिळाला. धनुर्धाऱ्याने लांब उभं राहायचं असतं. पुजारणीची जागा योद्ध्याला खेटून. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण बटणांवरून भांडणार कशी?

गॅसचं सिलिंडर हलवायचं तर शेजाऱ्यांना हाक मारणारा हा माणूस, पण तलवार निवडली ती दोन हातांनी पेलायची. तिच्यासाठी मित्राचा एक खास नियम होता. अशी तलवार एका हातात नुसती धरता येते, तिने वार करता येत नाही. मुठीवरचा हात सोडायला काही लागत नाही, कधीही सोडावा. पण तोच हात पुन्हा मुठीवर ठेवायचा तर आपली अख्खी पाळी जाते. मला वाटलं, असले नियम रिकामटेकड्या लोकांना सुचतात.

किल्ल्यात शिरायच्या रविवारी जाताना मी स्कूटरवर मागून ह्यांना म्हटलं की माझे बाण संपत आलेत, माझं काय होणार? "तू माझ्या मागे राहा," हे म्हणाले. "दार मी अडवतो. तुझ्यापर्यंत कोणी येणार नाही." खेळातलंच बोलणं, पण मला बरं वाटलं. घरातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल ते इतकं ठाम बोलले नव्हते.

किल्ल्यात हे दारात उभे राहिले, मी मागे, वहिनी अर्थातच शेजारी. राक्षसाने ह्यांना चांगलंच जखमी केलं. वहिनीची पाळी आली तशी ती म्हणाली की मी भाऊजींना माझ्या कलशातलं तीर्थ देते. आणि गंमत म्हणून तिने समोरच्या पेल्यातलं पाणी चमच्यात घेऊन ह्यांच्यापुढे खरोखरच धरलं.

हे पंचवटीत वाढलेले. कोणी तीर्थ पुढे केलं की ह्यांचे हात आपोआप उठतात. उजव्या हाताचा खळगा, खाली आधाराला डावा. डोळे मिटून प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

"तलवार कुठंय?" मित्राने विचारलं.

हे आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत राहिले. वहिनी हसून हसून लोळायची बाकी राहिली. ह्यांनी वाद घातला की तीर्थ काय डाव्या हाताने घ्यायचं का, आणि नुसत्या एका हाताने? मित्र ऐकेना. तलवार जमिनीवर पडली. उचलायला एक पाळी, दुसरा हात लावायला आणखी एक. तेवढ्यात राक्षस ह्यांना बाजूला सारून मोकळ्या दारातून माझ्यापर्यंत आला. माझा धनुर्धारी मेला, मित्राने माझं बटण उचलून बटणांच्या डबीत टाकलं. तेव्हाही हे हसतच होते, तिच्याबरोबर.

परतताना गंगापूर नाक्यापर्यंत मी ह्यांच्या खांद्याऐवजी मागची स्टेपनी धरून बसले. मग हेच म्हणाले, "अगं, खेळ आहे तो."

"खेळच आहे," मी म्हटलं. "पण तिच्यापुढे दोन्ही हात सुटले. आता धरायला वेळ लागेल."

पुढचा आठवडा घरात भांड्यांचा आवाज जास्त आणि माणसांचा कमी होता. ह्यांनी भाजीची स्तुती केली, मी ऐकली नाही. अगं, खेळ आहे, हे मात्र रोज ऐकलं. चहाच्या वेळी, जेवताना, दिवा घालवताना.

पुढच्या रविवारी मला नवीन बटण मिळालं, भालेवाल्याचं. मी ते मुद्दाम ह्यांच्या बटणाला चिकटवून ठेवलं. दुसऱ्या बाजूला वहिनी होतीच. त्याच राक्षसाशी लढाई झाली आणि हे पुन्हा घायाळ झाले, इतके की पुढच्या घावात संपणार. वहिनीने चमचा भरला. "भाऊजी, या वेळी तलवार डाव्या हातात राहू द्या," ती म्हणाली, "उजवा तेवढा पुढे करा."

ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग चमच्याकडे.

"नको," ते म्हणाले. "हात सोडायचा नाही."

मित्राने सांगून पाहिलं की मरशील. वहिनी हसत म्हणाली, अहो, खेळ आहे. हे मांडीवर दोन्ही मुठी आवळून बसले होते, जणू तलवार खरंच हातात आहे. फासा पडला, योद्धा मेला, बटण डबीत गेलं. वहिनीने चमचा पेल्यात ठेवला आणि त्या संध्याकाळी ती पुन्हा हसली नाही.

मी जिंकले होते. स्कूटरवर बसले तेव्हा मनातून इतकी खूश होते की ह्यांच्या खांद्यावर हातही ठेवला. नाक्यापर्यंत तो तसाच होता. नाक्यावर माझ्या मनात आलं, आठवडाभर जो माणूस खेळ आहे, खेळ आहे म्हणत होता, त्याला तिच्या हातचं चमचाभर पाणी घेता आलं नाही.

नुसता खेळ असता तर घेतलं असतं.