घरचा कापूस

कापसाच्या शेतात जपून चालावं लागतं ते पीक निघाल्यावर. पऱ्हाट्या कापून नेल्या की जमिनीत तिरपे, टोकदार खुंट उरतात. लढाईचे दिवस होते, मी लग्न होऊन कळसाडीला आले त्याला दुसरं वर्ष लागलेलं. असा एक खुंट माझ्या सासऱ्यांच्या पायात घुसला, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मधोमध. त्यांनी तो उपटला, वर तंबाखू दाबली आणि दिवस मावळेपर्यंत काम केलं. त्यात बहादुरी काय होती ते मला तेव्हाही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाय वहाणेत जाईना. गाडी जुंपून त्यांना शहाद्याला डॉक्टरांकडे नेलं. आमचे हे बाहेरगावी नोकरीला, सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून सोबत मी गेले. डॉक्टरांनी जखम मोठी करून आतली ढलपी काढली, जांभळ्या औषधाच्या पाण्यानं धुतली आणि न शिवता तशीच उघडी ठेवली. पू बाहेर आला पाहिजे, म्हणाले; आत कोंडला आणि विष वर चढलं, तर पाय घोट्यापासून कापावा लागेल.

मला वाचता येतं हे कळल्यावर सगळ्या सूचना त्यांनी माझ्यावर सोपवल्या. कापसाचं एक पुडकं दिलं आणि बजावलं, "संपला की दुकानातून असाच बंद पुड्यातला आणायचा. घरचा नाही. घरचा तेलकट असतो, पाणी पीत नाही. पू आतच राहतो."

मी रोज कोपरापर्यंत साबणानं हात धुवायची, जुन्या धोतराच्या पट्ट्या उकळायची. सासूबाई चुलीपाशी येऊन विचारायच्या, "आज पट्ट्यास्नी भाजी शे का वं?" हसायच्या, पण पातेलं कधी उतरवलं नाही त्यांनी. चौथ्या दिवशी जखम आतून लाल, स्वच्छ दिसायला लागली. मला फार आनंद झाला. एवढं नीट काम सासरी आल्यापासून माझ्या हातून झालं नव्हतं.

पाचव्या दिवशी पुडकं संपलं.

आमच्यात सून सासऱ्यांशी बोलत नसे. पदर हनुवटीपर्यंत ओढून मी त्यांचा पाय धुवायची, पण शब्द निघायचा तो सासूबाईंच्या तोंडून. मी त्यांच्या कानाशी लागले. त्यांनी तिथूनच सांगितलं, "ती म्हनस, इकतना कापूस आनना पडी."

"इकतना?" सासरे उठूनच बसले. "कापूसना घरमा कापूस इकत लेवाना? लोके हसतीन! वखारमा इतला पडेल शे तो कोनासाठे?"

डॉक्टरांनी कारण काय सांगितलं ते मला पाठ होतं. सासूबाईंना ते नीट सांगता आलं नसतं, मला आलं असतं. दोन हात अंतरावर बसलेल्या माणसाला दोन वाक्यं सांगायची होती. माझ्या तोंडाला कुलूप ते कुलूपच. मी वखारीत गेले. तिथला सगळ्यात पांढरा कापूस निवडून सरकी काढली, पाल्याचा कण न् कण वेचला. दुपार गेली. तो दुकानातल्यापेक्षा उजळ दिसत होता, आणि मी स्वतःची समजूत घातली की इतका स्वच्छ कापूस काय अपाय करणार.

दोन दिवस पट्टी बदलताना कापूस कोरडाच निघाला; तिसऱ्या दिवशी सोडली तेव्हा वास आला. कापूस वरून कोरडा, खाली पू साचलेला. करंगळी काळी पडलेली, अंगात ताप. पुन्हा शहादा.

डॉक्टरांनी चिमट्यात कापूस धरून वर केला. "हा कुणी भरला?"

त्यांचा प्रश्न मला होता. मी बोलायच्या आत सासरे म्हणाले, "मीच भरा. मन्हा शेतना शे."

मग डॉक्टरांनी त्यांना जे झापलं! गावात ज्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे, त्यांना बाकावर बसलेल्या दहा माणसांसमोर अडाणी, हट्टी, स्वतःच्या पायाचे वैरी म्हटलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी पदराआड उभी. रीत माझ्या बाजूची होती. मी बोलले नाही याबद्दल कुणी मला नाव ठेवलं नसतं. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटली नाही.

पाय वाचला. दोन बोटं गेली.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी पट्टी बदलायला बसले. जवळ विकतच्या कापसाची चार पुडकी होती. सासूबाई अंगणात होत्या. मी पदर जरा मागे सारला आणि म्हणाले, "मामा, घरचा कापूस लावायचा नाही हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. का नाही, तेही सांगितलं होतं."

माझा आवाज त्यांनी समोरून प्रथमच ऐकला. रागावतील असं वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आते बोलनी," ते म्हणाले. "आठ दिन पहिले बोलती तं बोटे वाची जातात."

आणि त्यांनी पाय माझ्यापुढे केला.