तीन वाजताचं पाणी

तारीख एकोणीस एप्रिल, वेळ दुपारी साडेतीन, रक्कम अठ्ठेचाळीस हजार पाचशे. हजर चौघं: पलंगावर आई, दाराशी खुर्चीत बाबा, वही घेऊन मी आणि एसीच्या दुकानातून आलेला टेक्निशियन. त्याने आमचा एसी उघडून पाहिला, गॅसचं मीटर लावलं आणि म्हणाला, "मॅडम, गॅस पुन्हा गेला. आता यात पैसे घालू नका. नवीन घ्या." ती रक्कम नवीन यंत्राची होती, बसवण्याच्या खर्चासह.

अकोल्यात त्या दिवशी त्रेचाळीस अंश होतं.

आमचा एसी साधा नाही. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम हवा देणारा आहे. पाच वर्षांपूर्वी मार्चमध्ये तो सेहेचाळीस हजारांना घेतला, तोही अमरावतीहून, कारण अकोल्यात कोणाकडे तयार नव्हता. शेजारच्या वहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या, "अकोल्यात गरम हवेची मशीन? तुमच्याकडं पैसे लय झाले वाट्टे." पैसे जास्त झाले नव्हते. आईच्या फुप्फुसांनी दम सोडला होता. डॉक्टरांनी सांगितलं, कूलरची दमट हवा चालणार नाही, थंडीत शेगडीचा धूर तर मुळीच नाही, खोली बारा महिने एकसारखी ठेवा. कूलर आणि हीटर वेगळे घेण्याचा हिशेब मी केला होता. पण कूलरच बाद झाल्यावर तो हिशेब उरला नाही.

त्याच वर्षी आई-बाबा मूर्तिजापूरजवळचं गाव सोडून माझ्याकडे राहायला आले. बाबांनी पन्नास वर्षं भाजीपाला पिकवला: वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. मी एका शाळेच्या कार्यालयात फी आणि पगाराचं काम पाहते. नवरा नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात आहे, आठवड्यातून एकदा घरी येतो. त्यामुळे घरातले निर्णय बहुतेक माझे आणि चुकाही बहुतेक माझ्याच.

टेक्निशियनवर मी त्या दिवशी चिडले. गेल्या मे महिन्यात त्याने गॅस भरला, अठ्ठावीसशे घेतले. जानेवारीत गरम हवा येईना म्हणून पुन्हा भरला, तीन हजार घेतले. आता एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा तेच.

"तुम्ही गॅस भरता की नुसता भरल्यासारखं करता?" मी विचारलं.

त्याचं तोंड उतरलं. "मॅडम, मीटरवर दाखवला होता तुम्हाला."

"मग गेला कुठं?"

"लीक आहे. कॉइल खराब आहे. म्हणून तर नवीन सांगून राहिलो."

भेटीचे साडेचारशे रुपये मी दिले नाहीत. सरळ सांगितलं, न झालेल्या कामाचे पैसे मिळणार नाहीत. तो हत्यारं गोळा करून गेला.

नवीन यंत्र घ्यायला माझी हरकत पैशांची नव्हती असं म्हणणं खोटं होईल. बाजूला ठेवलेले तीस हजार होते, बाकीचे कुठून तरी काढावे लागले असते. पण मोठी अडचण दिवसांची होती. दुकानदार म्हणाला, गार-गरमचं मॉडेल मागवावं लागेल, आठ-दहा दिवस धरा. आईकडे आठ-दहा दिवस नव्हते. ती पलंगाच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसली होती. मी घड्याळ लावून तिचे श्वास मोजले. एरवी मिनिटाला बावीस असतात. त्या संध्याकाळी अठ्ठावीस भरले. तिसाच्या वर गेले तर सरळ दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

"किती भरले वो?" आईने विचारलं.

"चोवीस," मी म्हणाले. हिशेबात मी खोटा आकडा सांगितला तो तेवढाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या त्याच वहिनींनी एका मेकॅनिकला पाठवलं. साठीचे गृहस्थ. पूर्वी कूलरच्या पत्र्याच्या पेट्या बनवायचे, मग फ्रिज, मग एसी शिकले. आल्या आल्या ते आतल्या यंत्राकडे न पाहता मागच्या अंगणात गेले, जिथे भिंतीवर बाहेरचं युनिट बसवलेलं आहे. त्यांनी जाळी काढली. आतल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्त्यांवर पांढरा थर होता. कोपऱ्यात तर पत्त्या हात लावताच पिठासारख्या गळल्या. त्यांनी त्या पांढऱ्यावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारं हाय," ते म्हणाले. "ताई, याच्यावर पानी कोन मारते?"

मी बोलायच्या आत मागून बाबा म्हणाले, "मी मारतो. रोज तीन वाजता. काहून?"

त्यांच्या आवाजात अभिमान होता. पाच उन्हाळे त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता. दुपारी तीन वाजले की पाइप घ्यायचा आणि बाहेरचं युनिट चांगलं निथळेपर्यंत भिजवायचं. आपल्याकडे कूलरच्या बाजूंच्या गवती ताट्या दुपारी भिजवतात, तसंच. ताटी ओली, हवा गार, हे इथल्या प्रत्येक घराला लहानपणापासून ठाऊक असतं.

मेकॅनिकनी हातातली जाळी खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "पानी कोनतं, बाबाजी? नळाचं का बोरचं?"

"नळ चौथ्या दिवशी येते. ते पेवाले पुरत नाही. बोरचं."

"वावरात वांग्याले देल्लं असतं का तुमी हे पानी?"

आमचा सगळा पट्टाच खारपाणाचा, बोरला लागतं ते पाणी खारट. शेजाऱ्याच्या बोरचं पाणी खारं म्हणून बाबांनी पन्नास वर्षांत ते एकदाही वाफ्यात जाऊ दिलं नाही. आपल्या विहिरीच्या गोड्या पाण्यावरच भागवलं. एखाद्या पाण्याने काय जळतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण ते पीक होतं. हे यंत्र होतं, आणि यंत्र म्हटल्यावर त्यांना कूलर आठवला.

ते वळले आणि आत जाऊन खुर्चीत बसले.

आता खरी गोष्ट सांगते. पाणी मारायची कल्पना त्यांची नव्हती, माझी होती. पहिल्या उन्हाळ्यात मी पंधरा दिवस कोरडं युनिट चालवून मीटर पाहिलं आणि पंधरा दिवस भिजवून पाहिलं. कोरड्याला दिवसाला साडेनऊ युनिट वीज, ओल्याला आठ. दीड युनिट वाचलं. नव्वद दिवसांचे हजार ऐंशी रुपये. वहीत लाल रेघ मारून मी तो आकडा बाबांना दाखवला होता आणि पाइप त्यांच्या हातात दिला होता. दोन वर्षांनी रोजचा वीजवापर हळूहळू वर जायला लागला, तोही मी लिहून ठेवला, पण कारण शोधलं नाही. उन्हाळा वाढला, एवढंच म्हणाले.

मी वही मेकॅनिकना दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन पानं पाहिली. "ताई, तुमी सगळं बराबर लेहलं," ते म्हणाले. "फक्त पानी कोनतं, तेवढं नाही लेहलं."

मग त्यांनी कॉम्प्रेसर तपासला. तो ठणठणीत होता. आतली कॉइलही चांगली, कारण तिथे आमचा पाइप पोहोचला नव्हता. "नवीन कायले घेता? खाऱ्या पान्यानं बाहेरची कॉइल सडली, गॅस तिथूनच जाते. तेवढी बदला." अंदाज त्यांनी माझ्याच वहीत लिहवून घेतला: तांब्याची कॉइल साडेनऊ हजार, गॅस बत्तीसशे, मजुरी पंधराशे. एकूण चौदा हजार दोनशे. माझा नियम असा की दुरुस्ती नव्याच्या निम्म्याच्या वर गेली तर नवीन घ्यायचं. इथे ती तिसऱ्या हिश्श्याच्याही आत होती. तरी मी विचारलं, "आणि मे महिन्यात पुन्हा बंद पडलं तर?"

"पडलं तर मजुरी घेनार नाही. पन बोरचं पानी मारलं तर मले फोनच नका करू."

कॉइल अमरावतीच्या व्यापाऱ्याकडे मिळणार होती, तीन दिवसांनी. नवरा येताना आणणार होता. पण तीन दिवस आईचं काय? हे मी त्यांना विचारलं नव्हतं. दार उघडं होतं आणि पलंगावरची आई त्यांना दिसत होती. ते गेले आणि तासाभरात ऑटोत एक जुना खिडकीचा एसी घालून घेऊन आले. आमच्या खिडकीत तो बसेना, म्हणून त्यांनी आणि मी मिळून खाली टेबल लावलं, वरची फट पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने बंद केली. यंत्र ट्रॅक्टरसारखं वाजत होतं. आईशी बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागत होतं. पण तासाभराने मी श्वास मोजले, चोवीस. या वेळी आकडा खरा होता.

"याचं भाडं?" मी विचारलं.

"दुकानात धूळ खाऊन राहिलं होतं. लाइटचं बिल तुमचं, बस."

ते तीन दिवस बाबा तीन वाजता अंगणात गेले नाहीत. जेवणही अर्धं. मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसले, लाल रेघ दाखवली. "बाबा, हे मी सांगतलं होतं तुमाले. चूक माही हाय."

"हिशोब तुहा, पन हात माहा," ते म्हणाले. "मले समजाले पाह्यजे होतं. पानी मले समजते."

तेव्हा पलंगावरून आई बोलली. एका वाक्याला दोनदा थांबून, पण बोलली. "लगन झाल्यापासून वांग्याले पानी, मेथीले पानी. माह्यासाठी पयल्यांदा पाच वर्सं पानी टाकलं या मानसानं. आन् त्याचंच तोंड पाडून बसला."

बाबांना हसू आलं. त्यांनी ते लपवायला पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. त्या दिवशी ते पूर्ण जेवले.

चोवीस एप्रिलला कॉइल बसली. मेकॅनिकनी जोड दिले, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं, आम्हालाही पाहायला लावलं. बाबा सर्वांत जास्त वेळ वाकून पाहत होते. गार हवा सुरू झाली. मग मेकॅनिक म्हणाले, गरमची बाजूही आत्ताच तपासू, थंडीत पुन्हा धावपळ नको. बाहेर चव्वेचाळीस अंश आणि त्यांनी रिमोटवर सूर्याचं चित्र लावलं. आईला आधीच दुसऱ्या खोलीत नेलं होतं, खिडकीचं यंत्रही सकाळीच तिकडे हलवलं होतं. पाच मिनिटं आम्ही भट्टीत उभे राहिलो. नवऱ्याचा चष्मा घामाने घसरत होता.

"चालू हाय ना?" मेकॅनिकनी विचारलं.

"चालू हाय," बाबा म्हणाले. "आता बंद कर लेका, नाही तं भरीत होईन आमचं."

खोली पुन्हा गार झाल्यावर आईला आणलं. मी मोजले, बावीस. तिने आकडा विचारला नाही. ती उशीला टेकून आडवी झाली होती, पाच दिवसांत पहिल्यांदा.

बाबांनी मेकॅनिकना विचारलं, "मंग आता मी तीन वाजता काय करू?" त्यांनी ते थट्टेवारी नेलं नाही. सांगितलं की दर पंधरा दिवसांनी, नळ येईल त्या सकाळी, मेन स्विच बंद करून, एक बादली गोडं पाणी हलक्या हाताने सोडा, धूळ निघून जाईल. आणि रोज दुपारी उन्हाची तिरीप युनिटवर येते, तिथे कापड ओढा, पण हवा अडेल असं नाही. बाबांनी दुसऱ्याच दिवशी वावरातल्या जुन्या हिरव्या जाळीचा पडदा केला. तीनला ओढतात, सहाला सोडतात.

वहीत मी पूर्ण हिशेब मांडला. पाच उन्हाळ्यांत वीज वाचवली पाच हजार चारशेची. त्यासाठी गेले, दोन वेळचा गॅस धरून, एकोणीस हजार सातशे. खिडकीच्या त्या जुन्या यंत्राची रक्कम कुठे लिहावी ते मला कळलं नाही, म्हणून ती ओळ तशीच कोरी आहे.

शेवटी दिलेले पैसे असे. कॉइल अंदाजापेक्षा तीनशेने स्वस्त पडली, ते त्यांनी आपणहून कमी केले. तेरा हजार नऊशे, रोख, मेकॅनिकना, बाबांच्या हातून. आणि पंचवीस एप्रिलला शाळा सुटल्यावर मी एसीच्या दुकानात गेले. त्या टेक्निशियनने दोन्ही वेळा गॅस खरोखर भरला होता, लीकही त्यानेच बरोबर सांगितली होती. मी तसं त्याच्या मालकासमोर म्हणाले. तो गडबडला, "राहू द्या, मॅडम," म्हणत होता. मी साडेचारशे रुपये त्याच्या हातात मोजून दिले.