तात्याबांची सव्वाशे सीसी

चऱ्होलीच्या तात्याबांनी मोटारसायकल घ्यायचं काढलं ते दुधासाठी. गावात कुणाला ते पटलं नाही. मोटारसायकल फौजदाराकडे असते, फार तर बागायतदाराच्या थोरल्या मुलाकडे. म्हशींसाठी कुणी घेतल्याचं ऐकिवात नव्हतं.

कारण साधं होतं. पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला, कारखान्यात कँटीन निघालं आणि कँटीनला भोंग्याआधी दूध लागू लागलं. तात्याबा चाळीस शेर दूध सायकलवरून नेत. दिघीचा चढ, भोसरीचा फुफाटा, त्यात एकदा तरी साखळी पडायची. भोंगा त्यांना रोज वाटेतच ऐकू येई. शेवटी कँटीनचे व्यवस्थापक उद्धवराव म्हणाले, "एक तारखेपासून भोंग्याआधी आलात तर दूध तुमचं. नाहीतर मी दुसरा गवळी पाहिलाय." उद्धवराव कधी चिडत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं खरं मानावं लागे.

लढाईच्या दिवसांत देहूरोडच्या डेपोत निरोप्याचं काम करताना तात्याबा फटफटी शिकले होते. प्रश्न होता तो कोणती घ्यायची एवढाच. चिंचवडचा इनायत मिस्त्री लिलावात लष्कराच्या जुन्या गाड्या घेऊन त्यांना पुन्हा बोलतं करी. महिना संपायला चार दिवस होते तेव्हा तो आणि त्याचा मेहुणा दोन गाड्या घेऊन चऱ्होलीत आले. एक साडेतीनशे सीसी, दुसरी सव्वाशे. मोठी सुरू झाली तेव्हा चावडीसमोरची कुत्री पळाली. धाकटी सुरू झाली तेव्हा ती परत आली.

"तात्याबा, ही घोडी आहे घोडी!" मोठीच्या टाकीवर थाप मारत इनायत म्हणाला. "दिघीचा चढ तिला कळणारसुद्धा नाही."

तात्याबांचा जीव तिथंच अडकला. तेवढ्यात पुतळाबाई हात पुसत बाहेर आल्या. चाळीस वर्षं दूध हाताळलेली ही बाई नवऱ्यापेक्षा म्हशींना जास्त विचारून वागे.

"रिकाम्या गाडीवरनं काय कळतंय? दूध लादा. भोसरीपातुर जाऊन माघारी या."

तात्याबा मोठीवर पाऊण भरलेला कॅन बांधून गेले आणि पंचवीस मिनिटांत परत आले. मिशीवर धूळ, चेहऱ्यावर फौजदार. पुतळाबाईंनी झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि लिंबाएवढा लोण्याचा गोळा बाहेर काढला.

"दीड तास घुसळते मी ह्यासाठी. ही बरी हाय. पर कँटीनात ताक पाजायचं का?"

"भाभी, ते जोरात हाकतात ना, म्हणून," इनायत घाईनं म्हणाला. "हळू चालवली तर काही होत नाही."

"हळूच चालवायची, तर मग मोठी कशाला घ्यायची?"

इनायतनं मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा आकाशाकडे पाहत होता.

धाकटी पाऊण तासानं परत आली. तोवर इनायतनं भाकरीवर तो लोण्याचा गोळा संपवला होता. पुतळाबाईंचा हात या वेळी नुसता ओला निघाला.

"हीच."

"पेट्रोलात तेल घालावं लागतं हिच्या," इनायतनं शेवटचं सांगून पाहिलं.

"घालू की. म्हशीला पेंड घालतोच."

मोठी चिंचवडला परत गेली. तात्याबा ती नजरेआड होईपर्यंत पाहत राहिले.

एक तारखेला, दिघीच्या चढावर, चाळीस शेर दूध आणि तात्याबा मिळून धाकटीला जड झाले. ती कण्हू लागली. भोंग्याची वेळ जवळ येत होती. तात्याबा क्षणभरही थांबले नाहीत. खाली उतरले, मूठ पिळलेलीच ठेवली आणि बैल धरून चालावं तसे तिच्या बाजूनं चालू लागले. रानात निघालेला कोंडाजी ओरडला, "काय तात्याबा, आजारी हाय का?"

"न्हाई राव, चढ हाय."

माथ्यावर ते पुन्हा बसले. पिंपरीला उद्धवरावांनी कॅनमध्ये पळी घातली, वर काढली, उजेडात धरली. काही सापडलं नाही. मग घड्याळ पाहिलं. तिथंही काही सापडलं नाही.

"उद्याही असंच आणा," ते म्हणाले.

तात्याबा रिकामे कॅन बांधत होते तेव्हा भोंगा झाला. इतक्या जवळून तो त्यांनी प्रथमच ऐकला. घरी आल्यावर त्यांनी पुतळाबाईंना सांगितलं, "लई वरडतो गं. आपल्याला उगाच वाटायचं, बारीक हाय म्हणून."