मायच्या कार्डावरची तारीख

मी खोटं बोलले, आणि तेही माझ्या मायशी. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला कुणी भोळीभाबडी समजायला नको.

माय लकडगंजात लाकडं चिरायच्या आरामशिनीवर भुशाची पोती वाहायची. धाकट्या भावाच्या वेळी बाळंतपणानंतर पंधरवड्यातच कामावर गेली, तेव्हापासून तिचं अंग बाहेर यायचं. गर्भपिशवी खाली उतरायची. माय फडकं कसून बांधायची आणि पोतं डोक्यावर घ्यायची. बापाला "कंबर दुखते" एवढंच सांगायची.

मी मॅट्रिकला होते तेव्हा ती मला सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरणीनं ऑपरेशन न करता आत रबराचं कडं बसवलं. त्यानं पिशवी वर राहिली. बाहेर येऊन माय चार पावलं चालली, थांबली आणि चक्क हसली. "अवं, काहीच लोंबून नाही राहिलं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रांगेत माझ्या वर्गातल्या पोरीची आई बसली होती.

दर तीन महिन्यांनी यायचं, कडं काढून धुवायचं, आत तपासून पुन्हा बसवायचं, असं डॉक्टरणीनं बजावलं होतं. तारीख कार्डावर लिहिली होती. मायला वाचता येत नव्हतं, म्हणून कार्ड माझ्या दप्तरात असायचं.

तारीख आली आणि गेली. माय विचारायची, "आली का वं तारीख?" मी म्हणायचे, "अजून हाय." परीक्षेचं निमित्त होतं. खरं तर मला त्या रांगेत पुन्हा बसायचं नव्हतं, बस्स. परीक्षा झाली, निकाल लागला, तरी मी "अजून हाय"च म्हणत राहिले.

मग घरात वास यायला लागला. "काहून असा वास येऊन राहिला? उंदीर मेला वाटते," बाप म्हणाला. त्यानं डबे सरकवले. मी खाटेखाली वाकून शोधलं. माय चुलीशी खाली मान घालून बसली होती. मला कळलं होतं, तरी मी शोधत राहिले. आजही कुठं कुबट वास आला की मी मला खाटेखाली वाकलेली दिसते.

लुगड्याला रक्त लागलं तेव्हा कुठं आम्ही गेलो. कडं आत रुतलं होतं. काढताना मायनं माझं मनगट धरलं. डॉक्टरीण माझ्यावर भडकली. "तू शिकलेली ना गं? तारीख दिसली नाही तुला?" मी तोंड उघडलं, पण मायच आधी बोलली.

"तिनं सांगतलं होतं, बाई. मीच नाही आली."

जखम भरेपर्यंत कडं बसवता येणार नव्हतं. दोन महिने माय पुन्हा फडकं बांधून पोती वाहत राहिली. आज शिव्या देईल, आज दोन रट्टे घालील, म्हणून मी वाट पाहायचे. घातले असते तर बरं झालं असतं. ती मुकाट ताट वाढायची.

जखम भरली, नवं कडं बसलं, नवं कार्ड मिळालं. मी हात पुढं केला. तिनं कार्ड कमरेला खोचलं. "राहू दे. तुले कालेजात जा लागते."

तीन महिन्यांनी ती एकटीच दवाखान्यात जाऊन आली, अगदी नेमक्या दिवशी. तारीख कशी कळली, मी विचारलं.

"आरामशिनीवरच्या मुनशीले दाखवलं कार्ड," माय म्हणाली. "त्यानं वाचून देल्लं."